अंगठेबहाद्दर

बँकेत लागलो तेव्हा माझ्याकडे आलेलं पहिलं जबाबदारीचं काम म्हणजे लोकांचे अंगठे धरणं. खेड्यांवरून पैसे काढायला आलेली म्हातारी मंडळी खिडकीतून हात आत घालीत. मी तो अंगठा शाईच्या पॅडवर लोळवून स्लिपवर दाबीत असे आणि मनातल्या मनात आपण बी.कॉम. असल्याचा थोडा अभिमान बाळगीत असे. आज वीस-बावीस वर्षांनी हिशेब उलटा झाला आहे. त्या मंडळींना नातवंडांनी सही शिकवली. ती कापऱ्या हाताने का होईना, पेन धरून सही करतात. आणि त्यांचे अंगठे धरणारा मी पदवीधर मात्र दिवसभरातलं सगळं लेखन फोनवर अंगठ्याने करतो. अंगठेबहाद्दर कोणाला म्हणायचं हा प्रश्नच आहे.

पण वाचकहो, पुढचा सगळा खटाटोप मी हौसेखातर केलेला नाही. तो आईसाठी केला. आई शिरपूरला थोरल्या भावाकडे असते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज रात्री साडेआठला आमचा फोन होई. मग तिचे कान गेले. कानात बसवायचं यंत्र आणलं, त्यातून तिला साऱ्या जगाचे आवाज यायचे, फक्त माझा यायचा नाही. ("यात कुकर चांगला ऐकू येतो," हा तिचा त्या यंत्रावरचा अभिप्राय.) डोळे मात्र अजून शाबूत आहेत. चौथीपर्यंतची शाळा झालेली, त्यामुळे मोठ्या अक्षरातलं मराठी ती न अडखळता वाचते. तेव्हा रोज रात्री लिहून पाठवायचं ठरलं. पहिल्या रात्री मी सवयीप्रमाणे 'आई कशी आहेस' हे इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवलं. भावाचा निरोप आला की आईला वाटतंय, बँकेची नोटीस आली.

म्हणजे मराठी मराठीतच लिहायला हवं होतं. इथे माझा अंगठा आडवा आला. माझा अंगठा वडिलांवर गेला आहे, म्हणजे तो मुळात औत धरण्यासाठी घडवलेला आहे. काचेवर 'क' दाबायला जावं तर त्याच्या डावीकडचा 'र' आणि उजवीकडचा 'त' हेही त्याच छायेत येतात. एका दाबात 'करत' होतं आणि करता काहीच येत नाही. शिवाय काचेला ना खळगा ना उंचवटा. बोट कुठे पडलं हे पडल्यावरच कळतं.

ज्याची बोटं खऱ्या टाइपरायटरवर तयार झाली त्याला हे फार लागतं. बी.कॉम. करताना मी धुळ्याला टायपिंगच्या क्लासला जात होतो. यंत्र गोदरेजचं, मराठी. गोदरेजने १९५५ साली टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ च्या सुमारास ते बनवणं थांबवलं. मधल्या काळात किती घरांत या यंत्राच्या जोरावर नोकरी आली आणि नोकरीच्या जोरावर सून आली, याची खतावणी कुणी ठेवलेली नाही. आमच्या सरांचा एक नियम कडक होता : अक्षरं आठ बोटांनी, अंगठ्याने फक्त जागा सोडायची. अंगठा अक्षरांच्या आसपास दिसला की फूटपट्टी बसे. आता त्या अंगठ्याला एकदम बढती मिळाली आहे. दोन अंगठे काउंटरवर घाम गाळताहेत आणि बाकीची आठ बोटं फोनच्या मागे नुसती उभी आहेत. हे दृश्य मी दुसरीकडेही कुठेतरी पाहिलेलं आहे, पण नोकरी अजून बरीच वर्षं शिल्लक आहे.

अशा वेळी चिरंजीवांनी बातमी आणली की फोनच्या बुडाला चापाने बसवायचा, अंगठ्यांनी खटखट दाबायचा चिमुकला कीबोर्ड मिळतो. मी लगेच मागवला नाही. खरेदीआधी आठ दिवस अभ्यास करणं हा आम्हा मध्यमवर्गीयांचा कुळाचार आहे. अभ्यासात असं निघालं की ही कल्पना चांगलीच जुनी. १९९६ साली अमेरिकेत पाम कंपनीने खिशात मावणारी 'पायलट' नावाची यंत्रवही काढली, तिला बटणांचा कीबोर्ड नव्हताच. काडीने काचेवर लिहायचं, आणि तेही ग्राफिटी नावाच्या खास लिपीत, जिथे बहुतेक अक्षरं काडी न उचलता एका फटकाऱ्यात होत. इंग्रजी 'ए'ची आडवी रेघच गाळलेली. हे वाचून मी हसलो. लवकर लिहून व्हावं म्हणून हात न उचलता अक्षरं मोडायची ही युक्ती आपल्याकडच्या कारकुनांनी काही शतकं आधी वापरून जुनी केली होती. तिला आपण मोडी म्हणतो, आणि ती वाचायला आता माणूस शोधावा लागतो. ग्राफिटीचीही गत फार वेगळी झाली नाही. लोकांना बटणंच हवी होती. १९९९ मध्ये ब्लॅकबेरीने अंगठ्यांपुरता कीबोर्ड आणला, यंत्रवह्यांनाही खालून चापाने बसवायचे कीबोर्ड निघाले. पुढे २००७ च्या आयफोनने सगळं काचेवर नेलं. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरी फोनांची सेवा बंद झाली, आणि लोकांनी हळहळ आवरते घेतली न घेतली तोच २०२४ मध्ये त्याच आयफोनच्या बुडाला बसणारा 'क्लिक्स' नावाचा कीबोर्ड बाजारात हजर. बेलबॉटमसारखंच आहे हे. टाकून देऊ नये, माळ्यावर ठेवावं.

या अभ्यासात मला सगळ्यांत पटला तो पायलटचा कर्ता जेफ हॉकिन्स. यंत्र बनवण्याआधी हा गृहस्थ त्या मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत असे. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा, त्यावर टिपून घेतल्याचं नाटक करायचं, पुन्हा खिशात. खिशाला झेपतं का, हाताला रुचतं का, हे आधी ठोकळ्यावर बघायचं. मी मनाशी म्हटलं, ठोकळा आपण का करू नये? आणि लाकडाचाच कशाला?

आमचं सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळ्याच्या उत्तरेला, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं. पण गावाची खरी ओळख कानाने होते. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणारी तांबटांची हातोडी हा आमच्या गावचा आवाज. आई इथे आली की तिला अजूनही तेवढा एक आवाज ऐकू येतो. शेजारच्या तांबट नानांकडे मी कागदावर माप लिहून नेलं : साडेसात बाय साडेसहा सेंटिमीटर, वजन ९० ग्रॅम. नानांनी चष्मा सारखा केला.

"भांडं कशाचं म्हनता?"

"भांडं नाही नाना. कीबोर्डाचं सोंग."

नानांनी आणखी काही विचारलं नाही. पितळेचा तुकडा कापला, तोलला, कानशीने कडा मारल्या आणि म्हणाले, "घ्या. घासायला चिंच लागंल."

ते पितळ मी आठ दिवस शर्टाच्या खिशात बाळगलं. दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "खिसा असा का लोंबतोय? पगार झाला का?" रबरबँड लावून पितळ फोनच्या बुडाला बांधलं आणि अंगठे त्यावर टेकवून पाहिले. हात गेले तळाशी, फोनचा सगळा भार राहिला वर, आणि फोन मागच्या मागे कलंडायला लागला. नाना बघत होते. म्हणाले, "साहेब, धरायची जागा खाली अन् वजन वर, असं भांडं आमी करत नाई. गिऱ्हाईक पानी प्यायच्या आधी अंघोळ करंल."

या सामानाविषयी मी बरीच परीक्षणं वाचली आहेत, नानांच्या एका वाक्याइतकं नेमकं एकही नव्हतं. तरीही मी कीबोर्ड मागवलाच. सल्ला घेणं आणि तो मानणं ही आमच्याकडे दोन स्वतंत्र खाती आहेत.

आला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे चांगलं ते चांगलंच होतं. प्रत्येक बटण हरभऱ्याच्या डाळीसारखं मधे फुगीर, त्यामुळे माझा औताचा अंगठासुद्धा एका वेळी एकच अक्षर दाबायचा. दाबलं की खट् असं उत्तर यायचं. धुळ्याच्या बसमध्ये, अंधारात, रजेचा इंग्रजी अर्ज मी न बघता लिहिला आणि एकच चूक झाली, तीही व्याकरणाची. इंग्रजीत लिहिणाऱ्याने हे यंत्र खुशाल घ्यावं. कलंडण्याची सवय होते.

मराठीची कथा निराळी. बटणांवर अक्षरं इंग्रजी. मराठी हवं तर उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची आणि फोनने त्याचं मराठी करायचं. मी आधी गावाचं नाव लिहिलं. यंत्राने दिलं : 'सोंगीर'. पितळेचं सोंग नाचवलं त्याचा सूड असावा. मग 'काल अंगठ्यात कळ आली' लिहिलं, तर 'काल अंगठ्यात काल आली'. इंग्रजीला ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. 'पत' म्हणायला जावं तर पट, पाट, पात अशी पंगत समोर बसते आणि त्यातून निवडायला पुन्हा अंगठा काचेवर न्यावा लागतो. बँकवाल्याने पत निवडून घ्यायची म्हणजे जरा जास्तच झालं. (कीबोर्डला कळफलक हा शब्द ज्याने घडवला त्याच्या अंगठ्यात नक्की काहीतरी दुखत असणार.) आणि आमची घरातली बोली तर अहिराणी. 'मन्ही माय' लिहायला गेलो, तर एकदा आलं 'मनही माय', एकदा 'महान माय'. दुसऱ्या वेळी मी ते तसंच जाऊ दिलं. चूक होती, पण खोटं नव्हतं.

बोलून लिहून घ्यायची सोयही असते म्हणे. पाहिली. एक तर आमच्या आळीत यंत्राला माझ्याआधी हातोडी ऐकू येते. दुसरं, ते माझी अहिराणी धुऊन-पुसून पुण्याची करून देतं. आईला ते वाचून मुलगा नाही, कुणी साहेब बोलतोय असं वाटलं असतं.

शेवटचा उपाय इन्स्क्रिप्टचा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी बटणांची ही मांडणी ठरवली. सरकारी कामाचं कौतुक करण्याची संधी वारंवार येत नाही, म्हणून करून घेतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म्हणजे मराठी शब्द आपोआप दोन हातांत वाटला जातो. 'सोनगीर' लिहून पाहा : उजवा, डावा, डावा, उजवा, डावा, उजवा. सहा खटक्यांत गाव. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर दहा बोटं असणार, पण दोन अंगठ्यांना ते असं बसलं आहे की जणू मापं घेऊन शिवलं. टाइपरायटरवाल्याला एकच अडचण : तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे उच्चाराप्रमाणे नंतर. आठवडाभर माझ्या वेलांट्या आदल्या अक्षराच्या घरात शिरत होत्या. मग शहाण्या झाल्या.

आता यशस्वी होणार असं वाटत असताना मला कळलं की माझ्या कीबोर्डात 'च' नाही. इन्स्क्रिप्टने 'च' ठेवला आहे अर्धविरामाच्या बटणावर, 'ट' अवतरणचिन्हाच्या, 'ड' चौकोनी कंसाच्या आणि 'य' तिरक्या रेघेच्या. मोठ्या कीबोर्डावर ही बटणं उजव्या काठाला असतात. अंगठ्यांच्या कीबोर्डात जागा वाचवायला पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडली. इंग्रजीची सव्वीस अक्षरं शाबूत राहिली म्हणजे बनवणाऱ्याचं काम झालं. दुसरं बटण धरून ती चिन्हं काढता यायची, पण ती चिन्हंच यायची, अक्षरं नाही. 'आमचा' लिहावं तर मधेच अर्धविराम. चा-ची-चे गेल्यावर मराठीत मालकीच उरत नाही. त्यांच्याबरोबर छ, ठ आणि ढही गेले. या यंत्रावर 'कर्ज' व्यवस्थित लिहिता येई, 'ठेव' आणि 'व्याज' लिहिता येत नसे. आमच्या शाखेतली काही खाती मला तेव्हा नीट समजली.

हे सगळं मी चालवूनही घेतलं असतं. ठेवीविषयी आईला लिहायचं नव्हतं. पण रात्री साडेआठला फोन हातात घेतला, 'मन्ही' लिहिलं, पुढे 'मा' लिहिलं, आणि तिरकी रेघ आली. मन्ही मा, आणि रेघ. मी कीबोर्डाचा चाप काढला.

परत पाठवताना कंपनीने कारण विचारलं. रंग आवडला नाही, माप बसलं नाही, विचार बदलला, असे पर्याय होते. 'य नाही' असा पर्याय नव्हता. मी 'इतर'वर खूण केली. पैसे नऊ दिवसांनी आले.

पितळ नानांना परत द्यायला गेलो, तर त्यांनी ते तापवलं, हातोडीने वाकवलं आणि फोनच्या पाठीमागे चार बोटं अडकतील अशी कडी करून दिली. वजन आता पाठीशी आलं, फोन कलंडत नाही. मी तो आडवा धरतो. आडवा केला की काचेवरची बटणं रुंदावतात, आणि काचेवरच्या इन्स्क्रिप्टात सगळी अक्षरं असतात, कारण काचेवर बटण काढायला खर्च येत नाही. खट् आवाज येत नाही, ही उणीव आहेच. शेजारून हातोडी ऐकू येते, तिच्यावर भागवतो.

काल रात्री पहिल्यांदा मी आईला पाच पूर्ण ओळी लिहिल्या. एकही अक्षर न गाळता, 'मन्ही माय'पासून खाली सहीपर्यंत. पाऊण तास लागला. भावाचा निरोप आला : आईने दोनदा वाचलं, आणि विचारतेय की एवढं लिहीत बसलास ते, जेवना का?