लेझर स्वस्त झाला, चालवणारा कुठे गेला?

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावातही आता मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर लेझर दिसतो. त्याकडे प्रकाशकला म्हणून पाहिलं, तर आमचं मत नाराजीचंच आहे.

1973 मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत 'लेझेरियम' हा कार्यक्रम सुरू झाला, तो क्रिप्टॉन वायूच्या लेझरवर. पुढचे मोठे वायू-लेझर म्हणजे थ्री-फेज वीज, थंड ठेवायला पाणी, आणि एवढं करून विजेचा जेमतेम हजारावा भाग प्रकाश व्हायचा! पण रेष बारीक यायची, आणि सोबत जाणकार माणूस ठेवावाच लागायचा.

डायोड साध्या प्लगवर चालतो, लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग देतो. ही प्रगती आम्ही नाकारत नाही. पण त्याची रेष मुळात पसरट, भिंगांनी आवरावी लागते. 450 नॅनोमीटरचा निळा डोळ्याला मंद दिसतो, म्हणून वॅट वाढवतात. इजा मात्र दिसण्यावर ठरत नाही.

2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना लेझरवर बंदी घालावी लागली. दोष डायोडचा नाही. यंत्र सोपं झालं म्हणून आपण जाणकाराला सुट्टी दिली. किरण डोक्यांच्या वरून फिरवणारा माणूस आधी ठरवा, मग लेझर भाड्यानं आणा.