शहाणी शेगडी

थोरल्यानं पुण्याहून नातेपुत्याला इंडक्शनची शेगडी धाडली. आत म्हणे कॉम्प्युटर आहे! आल्या दिवशीच तिनं आमची अ‍ॅल्युमिनियमची सगळी पातेली वाळीत टाकली. बुडाला लोहचुंबक चिकटेल तेच भांडं तिच्या पंक्तीला. काचेवर ‘मिल्क’, ‘करी’, ‘इडली’. पिठल्याचं बटण नाही. मधेच वीज जाऊन आली, की बाईसाहेब सगळं विसरून कोऱ्या.

असला खेळ पूर्वीही झालाय. १९६९ साली अमेरिकेत हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघराचा कॉम्प्युटर विक्रीला निघाला. किंमत १०,६०० डॉलर, वर चालवायला दोन आठवड्यांची शिकवणी! एकही खपल्याची नोंद नाही. तिकडच्या बाया शहाण्या.

वीज, पातेली, इंग्रजी, सगळं चालवून घेतलं असतं हो. पण आईला अंधुक दिसतं. गॅसचं बटण ती बोटांनी ओळखायची, आच कानांनी. ही काच तिच्या बोटांना काहीच सांगत नाही. आषाढीच्या वारीत, पालखीच्या मुक्कामाला पन्नास पन्नास वारकऱ्यांना पिठलं-भाकरी रांधून घालणारी बाई घोटभर चहासाठी सुनेला हाका मारू लागली. चहा मागणंच तिनं हळूहळू सोडलं.

काल शेगडी माळ्यावर गेली. आज पहाटेच आतून भांड्यांचा आवाज, आणि पाठोपाठ आईचा, “अगं, माझं गाळणं कुणी हलवलं?”