‘शिपाई’ : शब्द, हुद्दा आणि भत्ता

माझे वडील एका माध्यमिक शाळेत शिपाई होते. मुले त्यांना मामा म्हणत. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी कितीतरी वर्षे नुसते ‘नोकरी’ लिहीत आलो. ज्या शब्दाची लाज वाटत होती तो मुळात लढवय्यांचा आहे, हे पुढे कोश चाळण्याचा नाद लागला तेव्हा कळले.

फारसीत ‘सिपाह’ म्हणजे सैन्य, ‘सिपाही’ म्हणजे सैनिक. 1857 च्या ‘शिपायांच्या बंडा’तला शिपाई तोच. मग तो टेबलांमधून फाइली नेऊ लागला कसा? पूर्वी वसुली आणि बंदोबस्त ही कामे फारशी वेगळी नव्हती. मामलेदाराच्या दिमतीला शिबंदी असे. पुढे पोलीस खाते स्वतंत्र झाले. हत्यार तिकडे गेले, निरोप आणि कागद कचेरीत राहिले, आणि नाव दोघांनीही ठेवले, अशी माझी समजूत आहे. ‘प्यून’चेही तसेच. तो पोर्तुगीज शब्द पायावरून आलेला, अर्थ पायदळी सैनिक. बुद्धिबळातले प्यादे त्याच कुळातले.

1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात अशा माणसाला मुंबईकडे ‘पट्टेवाला’, बंगालमध्ये ‘चपराशी’ आणि मद्रासेत ‘प्यून’ म्हणतात अशी नोंद आहे. पट्टा कमरेचा, चपरास म्हणजे पितळी बिल्ला. दोन्ही नावे धन्याने अंगावर चढवलेल्या खुणेवरून पडलेली. ‘शिपाई’ तेवढा माणसाच्या पेशावरून.

म्हणून ‘हा शब्दच हीन आहे, बदला’ ही मागणी मला पटत नाही. ‘पोलीस शिपाई’ होण्यासाठी हजारो तरुण पहाटे मैदानावर धावतात. त्यांना हा शब्द टोचत नाही. जिल्हा परिषदेत ‘परिचर’ म्हणतात. परिचर म्हणजे सेवा करणारा. सैनिकाचा सेवक झाला, यात बढती कुठली? केंद्राने सहाव्या वेतन आयोगानंतर ‘मल्टि-टास्किंग स्टाफ’ आणला. त्या नावाने कोणी कोणाला हाक मारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

नावावर वाद घालणाऱ्यांनी 11 डिसेंबर 2020 चा राज्याचा शासन निर्णय वाचावा. अनुदानित शाळांतली शिपायांची पदे रिकामी होतील तशी संपवायची आणि शाळेला ‘शिपाई भत्ता’ द्यायचा, असे त्यात ठरले : मुंबई-पुण्यात महिना 10,000 रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत 7,500, ग्रामीण भागात 5,000. शब्दाला कोणी हात लावला नाही. उलट तो सरकारी कागदावर ठळक आहे.

मागच्या वर्षी वडिलांच्या शाळेत गेलो होतो. घंटा आठवीतला एक मुलगा देत होता.