वगळलेली ओळ

“त्याने स्वतःच जीव दिला, फादर. मिस्सा होईल ना?” हा प्रश्न आमच्यापाशी नेहमी दबक्या आवाजात येतो. ख्रिस्तसभेच्या दोन कायदासंहिता शेजारी ठेवून वाचल्या, की त्याचे उत्तर सापडते. १९१७ च्या संहितेने कलम १२४० मध्ये, ज्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारावा अशांत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख केला होता. १९८३ च्या संहितेतील कलम ११८४ मधून तो वगळला गेला. बदल मोठा, पण मुकाट्याने झालेला. वगळलेली ओळ अभ्यासकाला दिसते; शोकाकुल आईला ती कशी दिसावी? संहितेची ही उणीव आम्हांस जाणवते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मात्र ती भरून काढली. आत्महत्येचे गांभीर्य कमी न लेखता, तीव्र मानसिक विकार, यातना वा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी उणावते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असे परिच्छेद २२८२ व २२८३ सांगतात. ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थनाही करते. तरीही आपल्या गावांत १९१७ चीच ओळ पाठ आहे. वाचकहो, अशा घराला मिस्सा मागताना मान खाली घालावी लागू नये. नवे उत्तर आपण व्यासपीठावरून मोठ्याने सांगितले पाहिजे.