पीएच.डी.च्या रचनेतील कोर्सवर्कचे स्थान

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या पीएच.डी.विषयक विनियमांनी २०१६ च्या विनियमांची जागा घेतली. नव्या रचनेचा सांगाडा सुटसुटीत आहे. कोर्सवर्क धरून किमान ३ व कमाल ६ वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी २. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती उठली, हे योग्यच झाले. त्या सक्तीने विद्येपेक्षा शुल्क घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचेच अधिक पोषण केले.

खरी अडचण आहे ती कोर्सवर्कची. त्यासाठी किमान १२ श्रेयांक सांगितले आहेत. संशोधनपद्धतीच्या नावाखाली भाषाविषयांच्या विद्यार्थ्यासही गृहीतक, नमुनानिवड आणि प्रश्नावली हेच शिकविले जात असेल, तर महानुभावांच्या पोथ्यांवर काम करू इच्छिणाऱ्याने सकळ लिपी कोठे शिकावी? पेशवेकालीन पत्रव्यवहार अभ्यासणाऱ्याने मोडीचा सराव केव्हा करावा? पाठभेदांची नोंद कशी घ्यावी, एका पोथीवरून दुसरी उतरली हे कशावरून ओळखावे, ही कौशल्ये व्याख्यान ऐकून येत नाहीत. पोथी समोर ठेवून जाणत्याजवळ बसावे लागते. ती संधी मिळाली नाही म्हणजे विद्यार्थी साहजिकच छापील ग्रंथांकडे वळतो, आणि एखाद्या कादंबरीकारावर आणखी एक ‘चिकित्सक अभ्यास’ तयार होतो.

याचा दोष आयोगाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे. विद्यार्थ्याने कोणते अभ्यासक्रम करावेत हे ठरविण्यास साहाय्य करणे, हे संशोधन सल्लागार समितीचे काम असल्याचे विनियमांतच नमूद आहे. परंतु कोर्सवर्क आटोपल्यावर समिती प्रथम भरली, तर या तरतुदीस अर्थ उरत नाही; मग दर सत्रात प्रगतीचा अहवाल ऐकून घेणे एवढेच तिच्या हाती राहते. समिती प्रवेशानंतर लगेच भरावी, विषयाची साधने कोणत्या लिपीत व कोणत्या दप्तरात आहेत हे तिने प्रथम विचारावे, आणि १२ च्या पुढील श्रेयांक त्या लिपीस द्यावेत. परीक्षाही लेखी नको. अप्रकाशित कागदाचे एक पान वाचून दाखविणे पुरे.