कार्योत्तर मंजुरी : विद्यापीठ कायद्यातील अधिकार आणि उत्तरदायित्व

विद्यापीठाच्या कारभाराची मराठी ही एक स्वतंत्र बोली आहे. अधिसभा, अधिष्ठाता, कुलसचिव, परिनियम, अध्यादेश, विनियम, प्रत्यायोजन हे शब्द वर्तमानपत्रांतून आपल्या कानांवर पडतात, पण त्यांच्याकडे मजकूर म्हणून कोणी पाहत नाही. आपल्या साहित्याने महाविद्यालय पाहिले आहे. भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील एका गावाहून दुसऱ्या गावी नोकरी करत हिंडला, तेव्हा संस्थाचालक, स्टाफरूम आणि जातीपातीचे गट मराठी कादंबरीत ठसठशीतपणे आले. पण ज्या सभागृहात ठराव होतात आणि ज्या टेबलावर सह्या होतात, तिथपर्यंत आपली कादंबरी क्वचितच गेली, आणि समीक्षा तर नाहीच. कायद्याचा मजकूरही माणसांनीच लिहिलेला असतो. त्यात कर्ता कोण, कर्म कोण आणि कोणते क्रियापद कर्त्याविना मोकळे सोडले आहे, हे वाचता येते. या लेखात मला तसे वाचन करायचे आहे, आणि त्यासाठी मी या बोलीतला एकच शब्दप्रयोग निवडला आहे : कार्योत्तर मंजुरी.

आधी कृती, मग तिला मान्यता, असा याचा सरळ अर्थ. मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर होतो. तिथल्या कार्यक्रमपत्रिकांवर हे दोन शब्द इतक्या वेळा येत की नवा विषय चर्चेला आला की सभासदांनाच नवल वाटे. निर्णय वर कुठेतरी झालेला असे, परिपत्रक निघालेले असे, महाविद्यालयांनी त्याची अंमलबजावणीही सुरू केलेली असे. मंडळाने फक्त 'नोंद घ्यायची' किंवा 'कार्योत्तर मंजुरी द्यायची'. निर्णय चूक होते असे मी म्हणत नाही, त्यांतले पुष्कळ बरोबरच होते. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या तो निर्णय अंगाशी आला तर उत्तर कोणी द्यायचे? ज्याने घेतला त्याने, की ज्यांनी नंतर हात वर केले त्यांनी?

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या कायद्याने फार पूर्वी उत्तर दिले आहे. १९७४ साली राज्यातल्या विद्यापीठांसाठी स्वतंत्र कायदे झाले. त्यांतल्या मराठवाडा विद्यापीठाच्या कायद्यात अधिकार सोपवण्याविषयी एक छोटे कलम आहे. त्याचा आशय असा : विद्यापीठाचा कोणताही अधिकारी किंवा प्राधिकरण आपले अधिकार आदेशाने दुसऱ्याकडे सोपवू शकेल, मात्र परिनियम, अध्यादेश आणि विनियम करण्याचा अधिकार सोपवता येणार नाही, ज्याच्याकडे सोपवायचे तो सोपवणाऱ्याच्या नियंत्रणाखालचा असला पाहिजे, आणि सोपवलेल्या अधिकाराच्या वापराची अंतिम जबाबदारी सोपवणाऱ्याकडेच निहित राहील.

एवढ्याशा कलमात कारभाराचे पुरे तत्त्वज्ञान आले आहे. अधिकार खाली जाऊ शकतो, जबाबदारी खाली जात नाही. घरच्या भाषेत सांगायचे तर किल्ल्या मुनिमाकडे देता येतात, पण तिजोरीचा हिशेब मालकालाच द्यावा लागतो. 'नियंत्रणाखालचा' ही अट त्याच तर्कातून येते. ज्याच्यावर आपला ताबा नाही त्याच्या कृतीची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्याकडे अधिकारही सोपवू शकत नाही.

या कलमाची कसोटी सर्वोच्च न्यायालयात लागली. विद्यापीठातल्या एका अधिकाऱ्यावर कुलगुरूंनी शिस्तभंगाची कारवाई केली होती. कायद्याने तो अधिकार कार्यकारी परिषदेचा. परिषदेने कुलगुरूंना अधिकार दिले होते आणि नंतर कारवाईला मान्यताही दिली होती, असा विद्यापीठाचा बचाव होता. उच्च न्यायालयाने तो मानला नाही, आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानेही विद्यापीठाचे अपील फेटाळले. निकालाचा गाभा तीन पायऱ्यांत सांगता येतो. कायद्याने जो अधिकार ज्या मंडळाला दिला, तो त्याच मंडळाने वापरायचा. दुसऱ्याने वापरायचा तर तो रीतसर सोपवलेला हवा, आणि तसे सोपवण्याची सोय खुद्द कायद्यात हवी. आणि अधिकार नसताना केलेली कृती मुळातच शून्य असल्याने तिला नंतर मान्यता देऊन जिवंत करता येत नाही.

या निकालातला एक भाग मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. न्यायालयाने कुलगुरूपदाचा मोठा गौरव केला आहे. ते विद्यापीठाच्या सदसद्विवेकाचे पद आहे असे मानले आहे. पण हा गौरवच विद्यापीठाच्या बचावाला बाधक ठरला. कुलगुरू हे परिषदेचे दुय्यम अधिकारी नाहीत, म्हणजे ते तिच्या नियंत्रणाखालचे नाहीत, आणि म्हणूनच परिषद आपले अधिकार त्यांच्याकडे सोपवू शकत नाही. पद जितके उंच, तितके ते दुसऱ्याच्या अधिकारांपासून दूर. आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. पद जितके उंच, तितके सगळ्यांचे अधिकार त्याच्या खिशात!

हा समज कुठून आला, हे पाहायला इतिहासात थोडे मागे जावे लागते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा मुंबई प्रांताचे गव्हर्नर कुलपती झाले, आणि आजही राज्यपालच राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती असतात. १९०४ च्या कायद्याने सिनेटची सभासदसंख्या आखडली, तिथे कुलपतींनी नेमलेल्यांचे बहुमत ठेवले आणि सिनेटने केलेल्या नियमांत बदल करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदे मंडळात त्या विधेयकाला विरोध केला. विद्यापीठाचा कारभार त्यातल्या शिकलेल्या लोकांकडे असावा की सरकारने नेमलेल्यांकडे, हा तो वाद होता. विद्यापीठाच्या रचनेत अधिकार वरून खाली झिरपतो आणि वरचा हात तो केव्हाही परत ओढू शकतो, ही सवय त्या काळात मुरली. स्वातंत्र्यानंतर निवडून येणारे घटक वाढले, पण सवय पूर्णपणे गेली नाही.

१९९४ चा कायदा राज्यातल्या विद्यापीठांसाठी सामाईक होता. त्यातल्या चौदाव्या कलमात आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या बाराव्या कलमात कुलगुरूंना दोन महत्त्वाचे अधिकार आहेत. आणीबाणीची परिस्थिती आहे असे मानायला सबळ कारण असेल तर ते तातडीची कृती करू शकतात. मात्र कारणांसह तिचा अहवाल संबंधित प्राधिकरणाला द्यावा लागतो, आणि मतभेद झाला तर प्रश्न कुलपतींकडे जातो. दुसरे असे की, एखाद्या विषयावर परिनियम किंवा अध्यादेश झालेला नसेल तर कुलगुरू तेवढ्यापुरते निर्देश काढू शकतात. तेही लवकरात लवकर मंजुरीसाठी ठेवायचे असतात.

या दोन्ही तरतुदी रास्त आहेत. पेपर फुटला, पूर आला, संप झाला, तर सभेची वाट पाहत बसता येत नाही. आणि अधिकार कायद्यानेच दिलेला असल्याने १९८९ च्या निकालाचा आक्षेप इथे थेट लागू होत नाही. प्रश्न आहे तो वापराच्या वारंवारितेचा. अपवादासाठी ठेवलेली वाट रोजचा रस्ता झाली, की 'आणीबाणी' या शब्दाचा अर्थ 'सभा व्हायला वेळ आहे' एवढाच उरतो. 'तेवढ्यापुरते' काढलेले निर्देश वर्षानुवर्षे चालतात आणि ज्या मंडळाने नियम करायचे ते नियम करण्याची गरजच विसरते. कायद्याने अधिकार सोपवलेला नसतो, पण प्रत्यक्षात तो सोपवला जातो, आणि अशा मुक्या सोपवणुकीत जबाबदारी कोणाची हे कुठेच लिहिलेले नसते.

मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे निकाल हे याचे सर्वांना आठवणारे उदाहरण. लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सर्वत्र लागू झाली. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लागले पाहिजेत. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, पुढच्या प्रवेशाच्या वाटेवरची मुले मधेच लटकली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

या घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन व्यक्तीविषयी किंवा तंत्रज्ञानाविषयी होते. मला तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नवा कायदा त्याच वर्षी १ मार्चला लागू झाला होता. त्याखालची निवडून आलेली अधिसभा अजून यायची होती. पदवीधर मतदारसंघाची निवडणूक २०१८ च्या मार्चमध्ये झाली. म्हणजे इतका मोठा बदल झाला तेव्हा त्यावर उघडपणे प्रश्न विचारणारे घर रिकामे होते. एका व्यक्तीला दूर करून जबाबदारी ठरल्यासारखे दिसले, पण निर्णयाच्या साखळीत कोणी काय तपासले आणि कोणाच्या शब्दावर कोणी विसंबले, हे प्रश्न मागेच राहिले. निकाल लांबले तर कारणांचा अहवाल द्यावा, असे कायदा सांगतो. तो कारणे मागतो, कर्ता मागत नाही.

ते घर नंतरही वेळेवर भरले नाही. पाच वर्षांच्या मुदतीची पुढची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन स्थगित झाली आणि शेवटी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पार पडली. दरम्यान, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले. उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करावे आणि कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारचा हात असावा, असे त्यात होते. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ते मागे घेण्यात आले. सगळा वाद कुलगुरूंना नेमायचे कोणी, राज्यपालांनी की मंत्र्यांनी, याभोवती फिरला. नेमल्यानंतर कुलगुरूंचे अधिकार कोणाकडे, कोणत्या कागदाने आणि किती काळासाठी जातात, याबद्दल दोन्ही बाजूंकडून फारसे ऐकू आले नाही. शिखरावर कोण बसणार याची चिंता सर्वांना, पायऱ्यांची कोणालाच नाही.

यावर प्रशासनाच्या बाजूने एक युक्तिवाद होतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मंडळे संथ असतात, अधिसभेत पक्षांचे पॅनेल येतात, शैक्षणिक प्रश्नावर घोषणाबाजी होते. अशा घराची वाट पाहत विद्यापीठ चालवायचे कसे? यात तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय घराला टाळणे हा नाही. टाळलेले घर अधिकच बेजबाबदार होते, कारण त्याच्यापुढे झालेल्या गोष्टीच येतात आणि झालेल्या गोष्टीवर घोषणाच देता येतात. जो सभासद आधी विचारला जातो, त्याला उत्तराचे ओझे वाटते. नंतर विचारला जातो, त्याला फक्त राग येतो.

सुधारणा फार मोठी नको. सोपवलेल्या प्रत्येक अधिकाराचा आदेश लेखी आणि सर्वांना पाहता येईल असा असावा. त्यावर सोपवणाऱ्याचे नाव आणि मुदतीची तारीख असावी. आणीबाणीच्या अधिकाराखाली वर्षभरात घेतलेल्या निर्णयांची यादी, कारणांसह, अधिसभेपुढे यावी. जिथे अधिकारच नव्हता तिथे 'कार्योत्तर मंजुरी' हे शब्द कार्यक्रमपत्रिकेवर येऊच नयेत. न्यायालयाने १९८९ मध्येच त्यांचा अर्थ काढून घेतला आहे.

गुणपत्रिकेसाठी खिडकीशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आतला लिपिक सांगतो, "आमच्या हातात काही नाही." त्याचे बोलणे आपण टाळाटाळ समजतो. पुष्कळदा ते अक्षरशः खरे असते. अधिकार त्याच्याकडे नसतो, बोलणी खायची जबाबदारी मात्र त्याच्याकडे पोचलेली असते. १९७४ च्या कलमाने नेमके याच्या उलट सांगितले होते. मग हातात आहे तरी कोणाच्या, हा त्या विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर त्याला एका कागदावर, एका नावासह मिळाले पाहिजे.