तापमापक आणि प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आले आहे. ते ‘यंग इंडिया’च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात प्रसिद्ध झाले होते. बाळंतीण पत्नीला तपासण्यास डॉक्टर वस्तीत येईना. नगरशेटाने दोन रुपये फीची हमी दिल्यावर तिला तान्ह्या मुलासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टराने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने पतीच्या, पतीने पत्नीच्या. परतीचा प्रवासही तसाच. दिव्याच्या उजेडात तापमापक पाहून न्यूमोनियाचे निदान झाले. ती बाई वाचली नाही.

या प्रसंगाचे वाचन आपल्याकडे बहुधा स्पर्शापाशी थांबते. वस्तुतः रुग्णेला एखादा प्रश्न विचारल्याचा उल्लेखही पत्रात नाही, आणि हे मौन विटाळाहून अधिक टिकाऊ ठरले आहे. तापमापक आज डॉक्टर स्वतःच लावतात, प्रश्नाचे काय?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील कातकऱ्यांचा विचार येथे प्रस्तुत ठरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच स्वभावाचा पुरावा ठरविला. कायदा १९५२ साली गेला. ती विचाररीत मात्र गेली असे म्हणवत नाही. शासनदरबारी कातकरी आजही ‘आदिम’ जमातींत मोडतात. हे विशेषण सवलतीसाठी असले, तरी ते तपासणीच्या खोलीत शिरले की निदानाआधीच निर्णय होतो. (‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची निवडही तेथेच होते. वाडीवरच्या म्हाताऱ्याला ‘तू’ म्हणणारे तरुण डॉक्टर गावच्या पाटलाला तसे म्हणणार नाहीत.)

क्षयाचेच उदाहरण घ्यावे. साध्या क्षयाचा औषधोपचार सहा महिन्यांचा, आणि पावसाळा सरला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे वा कोळसा पाडण्यास जातात. भाद्रपदात गोळ्या सुरू झालेला रुग्ण दिवाळीनंतर वाडीवर सापडत नाही. नोंद होते : ‘उपचार सोडला.’ बोलण्यात पुढचे वाक्य येते : ‘ही माणसे अशीच.’ येथे स्थलांतर हे कारण लुप्त होऊन जमात हेच कारण बनते. वंशविचाराचे हेच खरे लक्षण होय. त्याला द्वेषाची गरज लागत नाही, आणि दयाळू डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत.

‘दिवाळीनंतर तुम्ही कोठे असाल?’ एवढे पहिल्याच भेटीत विचारले, तर भट्टीजवळच्या आरोग्यकेंद्राकडे तो रुग्ण सोपविता येतो. तशी सोय क्षयनिर्मूलन कार्यक्रमात आहे.